खिशातला कान

मी खिशातला कान बोलतोय. खरं तर माझी जागा खिशात नाही, आणि बोलणं हे माझं कामही नाही. मी ऐकवतो. मला मान नाही, पण असती तर हे सगळं सांगताना ती खाली गेली असती. म्हणून आधीच कबूल करून टाकतो. ज्या दिवशी माझी सगळ्यात जास्त गरज होती, त्या दिवशी मी चालू होतो, खोलीतला प्रत्येक शब्द मला नीट ऐकू येत होता, आणि मी माझ्या धन्याच्या शर्टाच्या खिशात पडून होतो. खिशापासून कानापर्यंत वीतभर अंतर. तेवढं अंतर एका संसाराला पुरून उरलं.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत, पांढऱ्या दिव्याखाली झाला. चिमट्याने माझे भाग जोडणाऱ्या बाईंनी डोळ्यांना जाड भिंग लावलं होतं आणि त्या शेजारणीला आपल्या दाढदुखीची हकीकत सांगत होत्या. मी ऐकलेलं पहिलं वाक्य म्हणजे, "आज जाते, उद्या जाते करत महिना घालवला बघ."

आकाराने मी शेंगदाण्याएवढा. धन्याच्या कानात मऊ लगदा भरून आधीच साचा काढला होता आणि त्यावर मला बेतलं होतं. म्हणजे जन्माआधीच माझी सोयरीक ठरलेली. दुसऱ्या कुणाच्या कानात मी बसणार नाही; बसवलाच तर टोचेन.

माझे धनी म्हणजे फोरमन. त्यांनी बर्फाच्या कारखान्यात चाळीस वर्षं यंत्रं सांभाळली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणत, आणि रागावली की बायकोसुद्धा. कारखान्यात त्यांची ख्याती होती ती कानांची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या पोटाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "डावीकडचं बेअरिंग. आठवडा काढेल." बेअरिंग बरोब्बर आठवड्याने जायचं. शिकलेसवरलेले इंजिनिअर हात टेकायचे. त्याच यंत्रांच्या घरघरीने त्यांचे कान रोज थोडे थोडे खाल्ले. हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पण ज्या माणसाची सगळी पत कानांवर उभी, त्याने 'मला ऐकू येत नाही' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे मावशी म्हणायचे. त्या घरीच शिलाईकाम करत. पँटी आखूड करणं, गेलेल्या चेनी बदलणं, लग्नातला कोट नवऱ्यामुलाच्या पोटाला पुरेल असा सैल करणं. मावशींनीच फोरमनना ओढत कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज ऐकू आला की दाबा. फोरमननी पटापट बटण दाबायला सुरुवात केली. शेवटी ती मुलगी दार उघडून म्हणाली, "काका, मी अजून आवाज सोडलेलाच नाही." मला पहिल्यांदा कानात बसवताना ती हा किस्सा सहकाऱ्याला हसत हसत सांगत होती. फोरमन हसले नाहीत. "दिसणार नाही ना कुणाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

पहिले दोन दिवस आमचं छान चाललं. फोरमनना फ्रिजचं गुणगुणणं ऐकू आलं, स्वतःच्या सपातांची फटफट ऐकू आली. मावशींच्या मशीनकडे त्यांनी कान दिला आणि म्हणाले, "अगं, पट्टा सैल झालाय याचा." मावशी चकित. त्यांनी पट्टा आवळून घेतला आणि दिवसभर गुणगुणत शिवत बसल्या. घरात गुणगुणतं माणूस आहे हे फोरमनना कित्येक वर्षांनी कळलं.

तिसऱ्या दिवशी ते बागेत गेले. कारखान्यातले दोन जुने सोबती बाकावर बसले होते. फोरमन मागून येत होते. एक म्हणाला, "फोरमन येतोय बघ. सरकून बस." दुसरा म्हणाला, "बसू दे. त्याच्याशी काय बोलायचं? भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान हो हो तरी करत नाही."

आणि दोघे हसले.

हे मी ऐकवलं. माझं कामच ते. पण तेव्हापासून मला वाटत आलंय, की तेवढं एक वाक्य मी गिळायला हवं होतं. फोरमन जागीच थांबले. म्हणजे इतकी वर्षं आपलं नाटक नीट वठतंय असं आपल्याला वाटत होतं, आणि लोकांना सगळं ठाऊक होतं! ते तसेच मागे फिरले, झाडाआड उभे राहिले, करंगळीने मला बाहेर काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

घरी मात्र सांगितलं नाही. मी कानात खोलवर बसणारा, बाहेरून दिसत नाही, त्यामुळे मावशींना वाटत राहिलं की मी आत आहे. दर रविवारी त्या माझा मसूरडाळीएवढा सेल बदलून द्यायच्या. सेल संपलेला दिसावा म्हणून फोरमन मला खिशात चालूच ठेवायचे. असा मी रोज चालू आणि रोज निकामी.

खिशातून मी त्यांची कला बघितली. ती कलाच होती. समोरच्याचा चेहरा वाचायचा. तो हसला की हसायचं. त्याच्या भुवया वर गेल्या की "काय सांगतोस!" म्हणायचं. शेवटी ओठांवर 'ना' दिसला की "अगदी" म्हणायचं. गोष्ट लांबली की "असतं एकेकाचं" म्हणून मोकळं व्हायचं. घरातही हेच. मावशी बोलत राहायच्या. गिऱ्हाइकांच्या तऱ्हा, गुडघ्याची कळ, मुलीच्या घरच्या कुरबुरी. फोरमन मान हलवायचे. मावशी एकदा गिऱ्हाइकिणीला म्हणाल्या होत्या, "आमचे हे बोलत नाहीत फारसे, पण ऐकून घेतात हो सगळं. या वयात ऐकून घेणारं माणूस असणं मोठी गोष्ट."

हे फोरमनना ऐकू आलं नाही. मला आलं.

त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात विम्याच्या ऑफिसात होता. मनाने चांगला, पण कागदांचा माणूस. कागद झाला की विषय संपला असं त्याला वाटायचं. एकदा तो दोन दिवसांसाठी आला आणि म्हणाला, "बाबा, आमच्याकडे रोज बघतो मी. माणूस आजारी पडतं आणि मग घरचे भांडत बसतात. सही कुणाची, घर कुणाचं. आपण सगळं वेळेत लिहून ठेवू. उद्या वकीलबाईंची वेळ घेतलीय." फोरमननी मान हलवली.

मावशींचा गुडघा दुखत होता आणि वकीलबाईंचं ऑफिस जिन्याने दोन मजले वर. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन या." मुलगा पुढे गेला. दारात त्यांनी फोरमनची कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाल्या, "माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. दवाखान्यात काही ठरवायची वेळ आली तर मला विचारायला हवं. आणि तुमच्यामागे या घरातून मला कुणी ऊठ म्हणू नये. एवढं तिथे सांगा. सांगाल ना?"

"अगदी," फोरमन म्हणाले.

ते घर मावशींनी निवडलं होतं. शिलाईच्या टेबलाला उजेड हवा म्हणून सात घरं नापास करून त्यांनी या खिडकीवर बोट ठेवलं होतं.

वकीलबाई तरुण होत्या, कामात चोख, आणि आवाज अगदी मऊ. असा बारीक, मऊ आवाज फोरमनच्या कानांना सगळ्यात परका. टेबलावर पंखा फिरत होता. मुलगा भराभरा सांगत होता, "आईला कसला ताप नको. ती दवाखान्यात गेली की घाबरते. निर्णय माझ्याकडे ठेवा. घरही माझ्या नावे लिहा, आईला मी सांभाळेनच. ताईचं तिच्या घरी सगळं छान आहे." त्याच्या बोलण्यात पाप नव्हतं. घाई होती.

वकीलबाई फोरमनकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"मुलगा म्हणतो तसंच," फोरमन म्हणाले.

बाई सावध होत्या. त्यांनी मुलाला बाहेर बसायला सांगितलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "यात तुमच्या पत्नीचं नाव निर्णय घेणाऱ्यांत कुठेच नाही. घरातही नाही. हे तुम्हाला स्वतःला मान्य आहे ना?"

खिशात माझा जीव तळमळला. कुणी हाताने झाकलं किंवा कापडात दाबलं की मी शिट्टी मारतो. तसा मी तेव्हा वाजलो. वकीलबाईंनी इकडेतिकडे बघितलं. फोरमननी खिशावर थाप मारली. "मोबाईल, मोबाईल," ते हसून म्हणाले. मग बाईंच्या भुवया अजून वरच आहेत हे त्यांनी बघितलं, म्हणजे काहीतरी विचारलं होतं, आणि शेवटी बहुतेक 'ना' होता.

"अगदी. योग्य आहे," ते म्हणाले.

थोड्या वेळाने कागद टाइप होऊन आले. वाचायचा चष्मा फोरमननी आणला नव्हता. त्याचीही त्यांना लाजच. बाईंनी सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे त्यांच्या मते मोठ्याने. फोरमन योग्य जागी मान हलवत होते, एखाद्या मैफिलीत बसल्यासारखे. शेवटी ओळ होती, 'हे मला वाचून दाखवले, समजले व मान्य आहे.' त्याखाली त्यांनी झोकदार सही केली. बाईंचा कारकून आणि शेजारचा झेरॉक्सवाला साक्षीदार झाले.

घरी मावशींनी विचारलं, "झालं? माझं सांगितलंत ना?" हातवाऱ्यांवरून फोरमनना अंदाज आला. "सगळं तुझ्या मनासारखं," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मुलगा बरोबर होता, बाई हुशार दिसत होत्या, चुकीचं काय होणार? पाकीट कपाटात गेलं. एक प्रत मुलाने त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यात देऊन ठेवली, कारण तो कागदांचा माणूस.

सात महिन्यांनी फोरमनना न्यूमोनिया झाला. ताप चढला, छातीत पाणी भरलं, शुद्ध हरपायला लागली. सकाळी मावशी आणि मुलगी त्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. नर्सने त्यांचं घड्याळ, चष्मा आणि खिशातला मी, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मावशींच्या हातात दिलं. मी खिशात निघालो याचं मावशींना नवल वाटलं नाही. आजारपणात काढून ठेवला असेल, त्यांनी समजून घेतलं.

डॉक्टर आले. प्राणवायू, औषधं सुरू झाली होती. छातीत नळी घालून पाणी काढायचं, आणि श्वास आणखी बिघडला तर यंत्रावर घ्यायचं की नाही हेही आत्ताच ठरवून ठेवायचं. संमती हवी. मावशींनी पेन उचललं. टेबलामागच्या कारकुनाने फाइल उघडली आणि ओशाळून म्हणाला, "काकू, सही तुमची चालणार नाही. मुलाची लागेल. त्यांनीच तसं लिहून दिलंय."

"कुणी?"

"काकांनी. हे बघा ना. 'वैद्यकीय निर्णय माझा मुलगा घेईल. पत्नीला या बाबतीत विचारू नये.'"

मुलाच्या तोंडचं 'आईला ताप नको' कागदावर येईपर्यंत असं झालं होतं.

मावशींनी पेन खाली ठेवलं. मुलगा प्रवासात होता, त्याचा फोन लागेना. एक तास चाळीस मिनिटं. डॉक्टर येऊन बघून जात होते. म्हणाले, "अजून थोडं थांबता येईल, जिवावर बेतलं तर मी कुणाची वाट बघणार नाही." मुलगी भांडायला उठली तर मावशींनी तिचा हात धरून खाली बसवलं. त्या भिंतीलगतच्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिशवीतून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. रडण्याचा नव्हता तो. चारचौघांत ज्याला कुणी 'तू बाजूला हो' म्हटलंय, अशा माणसाचा श्वास होता.

फोन लागला, मुलाने हो म्हटलं, नळी घातली, पाणी निघालं. यंत्राची वेळ आली नाही. बाराव्या दिवशी फोरमन घरी आले. मावशींनी त्यांचं सगळं केलं, एक शब्द न बोलता. ते विश्रांती घेत असताना त्यांनी कपाटातलं पाकीट काढून वाचलं. घराची ओळही वाचली.

तीन आठवड्यांनी फोरमन पुन्हा शर्ट घालून खिडकीशी बसू लागले. मी परत खिशात आलो होतो. मावशींनी मशीन थांबवलं. पाठमोऱ्याच होत्या, आणि आवाज इतका खाली, की जणू विचारण्याचीच त्यांना शरम वाटत होती.

"माझं नाव कुठेच नको, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

फरशीतली मशीनची थरथर थांबली म्हणून फोरमननी मान वळवली. मावशी आता वळून त्यांच्याकडे बघत होत्या. काहीतरी विचारलं असणार.

"अगदी," ते म्हणाले.

"विचार करून?"

त्यांनी आपलं ते ठेवणीतलं हसू आणलं. "मग! अगदी."

मी वाजलो. त्यांनी सवयीने खिसा चापटला.

मावशींनी हातातलं कापड घडी करून ठेवलं. कात्री, फूटपट्टी, टेप घेतला. दोन कपडे पिशवीत भरले. दारातून म्हणाल्या, "मी पोरीकडे जाते." फोरमननी हात हलवून निरोप दिला. त्यांना वाटलं, चेनी आणायला चालली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी वाट बघितली. मग मुलीचा फोनवर लिहिलेला निरोप आला, "आई माझ्याकडे आहे." चार दिवस फोरमन स्वतःच्या हाताने चहा करून पीत होते आणि गुडघा दुखत असेल, जिने टाळत असेल, अशी स्वतःची समजूत घालत होते.

पाचव्या दिवशी मुलगी आली. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस. दुसऱ्याच्या तोंडात हात घालायची सवय, त्यामुळे कानाचं काय! तिने बापाकडे बघितलं, कानात बघितलं, सरळ खिशात हात घातला, मला काढलं आणि कानात बसवलं. मी किंचाळलो, मग स्थिर झालो.

"ऐकू येतंय?" ती म्हणाली.

"ओरडू नकोस," फोरमन म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. दवाखान्यातलं टेबल, कारकून, एक तास चाळीस मिनिटं, पाकीट, खिडकीशी विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर. मी एक अक्षर सोडलं नाही. फोरमनचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत गेला.

"आता तरी सांगा बाबा, हे तुम्ही असं का केलंत?"

खरं उत्तर चार शब्दांचं होतं. मला ऐकू आलं नव्हतं. पण ते म्हणायचं म्हणजे आठ वर्षांचं नाटक पोरीसमोर मोडायचं. फोरमननी घसा साफ केला.

"मी विचार करूनच केलं," ते म्हणाले.

मी कानात असल्यामुळे त्यांचं हे खोटं मी त्यांनाच ऐकवलं, स्वच्छ आणि मोठ्या आवाजात. मुलगी पर्स उचलून निघून गेली.

त्यानंतर मात्र त्यांनी मला काढलं नाही. घरात शिलाईचं मशीन वाजत नव्हतं. फ्रिज गुणगुणत होता, नळ ठिबकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला फोन लावला.

"त्या दिवशी वकीलबाईंनी मला काय काय विचारलं रे?"

"बाबा, तुम्ही तर होतात ना तिथे."

"होतो. तू सांग."

मुलाने कागद काढून वाचून दाखवला. संपल्यावर फोरमन म्हणाले, "यातलं एकही वाक्य मी त्या दिवशी ऐकलं नव्हतं."

मग मुलगा म्हणाला, "खरं सांगू? मला शंका आली होती. पण काम होत होतं, गाडीची वेळ झाली होती. मी तुम्हाला पुन्हा विचारलं नाही." त्याचा आवाज लहान झाला होता. "आईला मी काय सांगू आता?"

"आधी मी सांगतो. माझं आहे ते."

मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. नुकतंच आजारपण झालेलं, फोरमन दर जिन्याला थांबत चढले. दार मावशींनीच उघडलं. त्यांनी "आत या" म्हटलं नाही. फोरमन उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"मला ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले.

"कुठे? वकिलांकडे?"

"वकिलांकडे. निघताना तू दारात काय म्हणालीस, तेही नाही. गेल्या आठवड्यात खिडकीशी विचारलंस, तेही नाही."

"आणि कानाचं मशीन? ते घालत होतात ना?"

"खिशात होतं."

मावशींनी चौकटीला हात टेकला. "मी काय विचारतेय हे न कळताच 'अगदी' म्हणालात?"

"हो."

"किती दिवस चाललंय हे?"

"आठ वर्षं झाली असतील. मशीन यायच्या आधीपासून."

मला वाटलं, आता गैरसमज फिटला, आता मावशींचा चेहरा निवळेल. फोरमननाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी सुटकेचा श्वास घेतला.

"फोरमन," त्या म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम माझं नाव काढलं असतं, तर मी भांडले असते. पण मग ही आठ वर्षं मी कुणाशी बोलत होते?"

फोरमननी डोळे पुसले नाहीत, हात जोडले नाहीत. नुसते उभे राहिले. शेवटी आतून मुलगी म्हणाली, "आई, त्यांना बसू तरी दे. धाप लागलीय." मावशी बाजूला झाल्या.

पुढच्या आठवड्यात सगळे वकीलबाईंकडे गेले. दोन मजले मावशी गुडघा धरून चढल्या, मुलगी आधार द्यायला, मुलगा रजा काढून आलेला. फोरमननी उभं राहूनच सांगितलं, "बाई, मला कमी ऐकू येतं. त्या दिवशी मी खोटं खोटं मान हलवली." हे अनोळखी माणसासमोर त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. वकीलबाई लाल झाल्या. म्हणाल्या, "मीही तपासायला हवं होतं. 'ना' लावून प्रश्न विचारला की कुणीही हो म्हणतं." त्यांनी पंखा बंद केला, खुर्ची समोर आणली. एकेक वाक्य वाचायचं आणि फोरमननी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, असं ठरलं. दोनदा त्यांनी चुकीचं सांगितलं. दोनदा परत वाचलं. फोरमनच्या मागे घरात मावशी शेवटपर्यंत राहतील, त्यांच्यानंतर दोन्ही मुलांना समान. दवाखान्यातला निर्णय मावशींचा. त्यांना जमत नसेल तेव्हा दोन्ही मुलांनी मिळून. नळ्या, यंत्रं, किती दिवस, कुठे थांबायचं, हेही त्या दिवशी प्रथमच नवरा-बायको एकमेकांसमोर बोलले. सोपं नव्हतं ते. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

मग वकीलबाई मावशींकडे वळल्या. "तुमचंही करून टाकायचं का? तुमच्या वेळी निर्णय कुणी घ्यायचा? काकांचं नाव घालू?"

मावशींनी मुलीकडे बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "मुलीचं घाला."

वकीलबाईंनी मुलीचं नाव लिहून घेतलं.

"राग नाही माझा," मावशी म्हणाल्या. त्या फोरमनकडे वळल्या होत्या आणि शब्द सावकाश, नीट उच्चारत होत्या. "पण मला बोलता येणार नाही तेव्हा डॉक्टर काय म्हणतात ते ऐकणारं माणूस हवं मला तिथे. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणणारं."

ते वाक्य मी पोहोचवलं. खरखर नाही, शिट्टी नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम असेल ते, आणि तेच करताना मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

वकीलबाईंनी विचारलं, "काका, त्या काय म्हणाल्या?"

फोरमननी ते शब्दन् शब्द परत सांगितलं. आवाज एकदाच चिरकला.

याला आता दीड वर्ष झालं. मावशी घरी परतल्या. मशीन पुन्हा खिडकीशी वाजतं. मी रोज सकाळी कानात जातो, झोपताना डबीत. घामाने, मळाने माझं अंग पिवळट पडलंय आणि थंडीत आवाज फाटतो. अजून वर्षभर काढेन, मग माझ्या जागी दुसरा येईल. फोरमन आता बाकावर जाऊन म्हणतात, "पुन्हा सांग, ऐकू नाही आलं." सोबती पुन्हा सांगतात. जगबुडी झाली नाही.

तुमच्या घरात कुणी फार पटकन 'हो' म्हणत असेल, फार गोड हसत असेल, तर त्याला हळूच विचारा, मी काय म्हणालो सांग बरं. चिडेल. चिडू द्या. आणि सहीचे कागद करायचे असतील, तर ज्याचं नाव त्यात येणार नाही त्याला आधी समोर बसवा. मी खिशात वाजलो, तेवढंच माझ्याच्याने झालं. तुम्हाला तोंड आहे.

कधी कधी दुपारी मावशी शिवता शिवता काहीतरी पुटपुटतात. गुणगुणणं आणि बोलणं यांच्या मधलं काहीतरी. फोरमन लगेच मान वर करतात. "काय म्हणालीस?"

एखाद्या दिवशी त्या पुन्हा सांगतात.

एखाद्या दिवशी दोरा दाताने तोडत म्हणतात, "काही नाही."